साडेचार टन

परवा दुपारी एका माणसानं फोनवर माझ्या साडेचार टनांचा अपमान केला. हायवेला त्याचा डांबराचा प्लँट आहे. मी आदबीनं सांगितलं, की फाटकापासून पोर्चपर्यंत डांबर करायचंय, साडेचार टन माल लागेल. पलीकडे शांतता. मग "किती?" मी पुन्हा सांगितलं. "अहो, तेवढा तर आमच्या डंपरच्या फाळक्याला चिकटून परत येतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. हसला असता तरी चाललं असतं.

आकडा हवेतला नव्हता. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलंय. चाळीस फूट लांब, दहा फूट रुंद, म्हणजे ४०० चौरस फूट. रोलर फिरून बसल्यावर थर दोन इंच हवा. झाले ६६.६७ घनफूट, म्हणजे १.८९ घनमीटर. दाबलेला माल घनमीटरला साधारण २.३ टन भरतो. गुणाकार ४.३४. वर पाच टक्के सांडलवंड. उत्तराखाली मी दोन रेघा मारल्या. गणित शंभर टक्के बरोबर आणि गिऱ्हाईक म्हणून किंमत शून्य.

त्याचंही थोडं खरं आहे म्हणा. माल प्लँटमधून दीडशे अंशाच्या आसपास तापून निघतो आणि शंभराच्या खाली उतरायच्या आत दाबून व्हावा लागतो. थोडा माल पटकन गार होतो. माझे साडेचार टन आमच्या गावच्या रेल्वे फाटकाशीच गारठले असते. पण हे नीट सांगता येत नव्हतं का?

आधी मी कोटेशनं मागवली होती. एकानं दर चौरस फुटाला दिला, दुसऱ्यानं चौरस मीटरला, तिसऱ्यानं "एकरकमी, तुमचं घरचं काम समजून". चौथा म्हणाला, "डांबर साठ-सत्तर वापरू." मला वाटलं किलोचा भाव सांगतोय, म्हणून मी "पन्नासला बसवा की" म्हणालो. साठ-सत्तर ही डांबराची जुनी प्रत निघाली. पंचवीस अंशाला ठेवलेल्या डांबरात शंभर ग्रॅम वजनाची सुई पाच सेकंदांत किती रुतते, त्यावरून ती ठरायची. आता कागदावर तिला व्हीजी-३० म्हणतात, पण तोंडात साठ-सत्तरच आहे. शिवाय कंपन्या दर पंधरवड्याला, एक आणि सोळा तारखेला, डांबराचा भाव बदलतात. त्यामुळे प्रत्येक कोटेशनच्या खाली लिहिलेलं, "दर आजपुरता". आमच्याकडे भाजीवालीसुद्धा संध्याकाळपर्यंत भाव टिकवते.

मग आली ब्रासची भानगड. हे मी बायकोला अजून नीट सांगितलेलं नाही, इथेच सांगतो.

तिच्या आग्रहाखातर पेव्हर ब्लॉकवाल्यालाही बोलावलं होतं. त्यानं जागेवर नजर टाकली आणि म्हणाला, "चार ब्रासचं काम हाय." मी ते डोक्यात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी डांबराखालच्या थरासाठी खडीवाल्याला फोन करून "चार ब्रास पाठवा" म्हणून मोकळा झालो. आता, फरशी-प्लॅस्टर मोजताना ब्रास म्हणजे १०० चौरस फूट आणि खडी-वाळू मोजताना ब्रास म्हणजे १०० घनफूट. वर्गात एखाद्या पोरानं क्षेत्रफळ आणि घनफळाला एकच एकक लिहिलं असतं, तर मी त्याला बाकावर उभा केला असता. मला चार इंची थराला हवी होती १.३३ ब्रास, दबते म्हणून फार तर पावणेदोन. आली चार.

"परत न्या" म्हटलं, तर खडीवाला म्हणाला, "नेतो की. भाडं द्या." येतानाच्या भाड्याइतकंच.

तर गेला महिनाभर माझ्या दारात एक काळा डोंगर आहे. बहुतेक महाराष्ट्राखाली हाच काळा दगड पसरलाय, आणि मी तो विकत घेऊन दारात रचलाय. स्कूटर त्याच्या कडेनं तिरकी काढावी लागते. गल्लीतला पांढरा कुत्रा शिखरावर बसतो आणि माझ्यावरच भुंकतो.

हा डोंगर बघूनच तो मुकादम थांबला.

आमच्या गल्लीचं डांबरीकरण मंजूर झालंय, त्याची पाहणी करायला आला होता. डोक्याला टॉवेल, पायात बूट, आणि बुटांना डांबराचे इतके थर की तो मुळापेक्षा दोन इंच उंच झाला असावा. फाटक ढकलून सरळ आत आला. चाळीस फूट पावलांनी मोजले. एकोणचाळीस भरले.

"चाळीस आहेत," मी म्हणालो.

"टेपनं मोजलं असंल." त्यानं सहानुभूतीनं माझ्याकडं पाहिलं. मग खडीचा एक तुकडा उचलला, दुसऱ्यावर ठोकला, कानाशी नेला. "माल चांगलाय. कशाला आणलाय एवढा?"

मी उत्तर दिलं नाही.

मग तो पोर्चच्या अलीकडे थांबला आणि टाच आपटली. पुन्हा आपटली. आवाज पोकळ आला. "सर, खाली काय हाय?"

"संडासाची टाकी."

"अन् हिच्यावर तुमी रोलर घालणार?"

वहीत टाकी नव्हती. लांबी होती, रुंदी होती, घनता होती, सांडलवंड होती. आठ टनी रोलर टाकीत गेल्यावर तो काढायचा खर्च कुठल्या रकान्यात मांडायचा, याचा मी विचारच केला नव्हता. तो मात्र शांत होता. "तिथं हातानं दाबू. काळजी करू नका. उरलेल्या मालात करून देतो."

"कुठला उरलेला?"

"गल्लीचा."

"गल्लीचं काम कधी सुरू होणार?"

"पुढच्या बुधवारी."

"मग माल उरला कसा?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी हातचा विसरणाऱ्या पोराकडं बघायचो. "सर," तो म्हणाला, "उरत नसतंय. उरवायचं असतंय."

"आणि पैसे?"

"पोरांच्या चहापाण्याचं बघा." मग त्यानं चहापाण्याचा आकडा सांगितला. तेवढ्यात आमच्या गल्लीनं वर्षभर चहा प्यायला असता. तरी तो सगळ्यात स्वस्त कोटेशनच्या निम्मा होता, हेही इथेच सांगून टाकतो.

तो गेल्यावर मी वही उघडली. गल्ली ३०० फूट लांब, १२ फूट रुंद, म्हणजे ३,६०० चौरस फूट. मंजूर थर दोन इंच. त्यातून माझे ४०० चौरस फूट उरवले, तर रस्त्याचा थर साडेपाच मिलिमीटरहून थोडा जास्त घटतो. वाटलं, एवढ्यानं काय होतंय. मग बाहेर येऊन पाहिलं. गेल्या डांबरीकरणात गल्लीतल्या पाच बंगल्यांचं आवार चकचकीत झालं होतं. पाचांचे मिळून २८ मिलिमीटर. दोन इंच म्हणजे ५१. रस्त्याला राहिले २३. पहिल्याच पावसाळ्यात खड्डे का पडले, म्हणून आम्ही जो तक्रार अर्ज दिला होता, त्यावर पहिली सही त्याच पाचांपैकी एकाची आहे, आणि मजकूर माझ्या अक्षरात. "निकृष्ट दर्जाचे काम" या शब्दांखाली मी दोन रेघाही मारल्या होत्या.

त्या प्लँटवाल्याला मी पुन्हा फोन केला. म्हटलं, दहा टनांचे पैसे देतो, साडेचारच पाठवा. तो म्हणाला, "सर, रस्त्याचं काम निघालं की कळवा."

काल संध्याकाळी मुकादमाचा मेसेज आला. "सर गुरवारी ४ वा. उरंल. गेट उघडं ठेवा." मी मोबाईल बायकोपुढं धरला. माझ्या डांबराला पहिल्या दिवसापासून तिचा विरोध. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"टाकीचं झाकण बुजवू नका म्हणावं," ती म्हणाली.