हिरवं, लाल की निळं?

ताईने फोनवर विचारलं, "वाढदिवसाला काय हवंय तुला?" मी बेसावध होतो. म्हणालो, "झेल्डाचं पुस्तक."

"बरं, लिंक पाठव."

"लिंक पुस्तकात असतोच गं."

पलीकडे शांतता. मग समजावून सांगावं लागलं की व्हिडिओ गेमचं नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा' असलं, तरी झेल्डा ही राजकन्या. हिरवा अंगरखा घालून लोकांच्या घरातली मडकी फोडत हिंडतो तो नायक, लिंक. "म्हणजे राबायचं एकाने आणि नाव दुसरीचं," ताई म्हणाली. नोकरीत इतकी वर्षं काढल्यामुळे तिला हे पटकन कळलं. "पण एकच हं. दोन नाही."

तिथेच घात झाला. या मालिकेच्या जगाचा इतिहास आणि चित्रं सांगणारी अधिकृत इंग्रजी पुस्तकं एक-दोन नाहीत. 'हायरूल हिस्टोरिया' २०१३ सालचं, हिरवं. 'आर्ट अँड आर्टिफॅक्ट्स' २०१७ सालचं, लाल. 'एन्सायक्लोपीडिया' २०१८ सालचं, निळं. गेममधलं जग घडवणाऱ्या देवीही तीन आणि त्यांचे रंगही हेच. कपाटात एकटं हिरवं उभं केलं की उरलेल्या दोन देवींचा कोप नक्की. शिवाय 'क्रिएटिंग अ चॅम्पियन' नावाचं चौथं जाडजूड प्रकरण आहेच, तेही २०१८ सालचं, पण ते सगळं एकाच गेमवर, 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'वर. एका देवळाच्या नुसत्या खांबांची रेखाटनं बघायला मला आवडतात, हे मी ताईला सांगणार नव्हतो.

लाल पुस्तकात चित्रंच चित्रं. मोह पडतो. पण मला हवी होती वंशावळ, म्हणजे कोणता गेम आधी घडला आणि कोणता नंतर. ती हिरव्यात आहे. त्यात 'ऑकारिना ऑफ टाइम' या गेमनंतर काळाला तीन फाटे फुटतात. दोन समजतात. तिसरा मात्र, नायक शेवटच्या लढाईत हरला तर जे घडेल त्याचा. आणि १९८६चा अगदी पहिला गेम त्याच फाट्यावर! मी ती लढाई अकरा वेळा हरलो होतो. तेव्हा घरच्यांनी ऊर्जा वाया घालवतोस म्हणून ऐकवलं होतं. प्रत्यक्षात मी अधिकृत इतिहास घडवत होतो.

हिरवं पक्कं केलं. आणि मग, नको ती अवदसा आठवली, निळं चाळलं. त्यात दोन-तीन गेमचा क्रम चक्क बदललेला. हिरव्यात 'लिंक्स अवेकनिंग' ज्यांच्यानंतर घडतं, त्यांच्या आधी ते निळ्यात घडतं. दोन्ही पुस्तकं अधिकृत. दोन काकांनी एकाच जमिनीचे दोन सातबारे दाखवावेत, तसं झालं. आठवडाभर मी मोबाइलवर नमुन्याची पानं दोन बोटांनी मोठी करून बघत होतो. पान मोठं केलं की अक्षरं विरघळायची, लहान केलं की मुंग्या. एकदा रात्री दीड वाजता तलवारीच्या मुठीची तुलना करताना मोबाइल नाकावर पडला.

शेवटी ताईनेच विचारणं बंद केलं आणि हिरवं पाठवून दिलं. का? "तो अंगरखा हिरवा म्हणालास ना."

नऊ दिवस मी जे करत होतो, ते तिने एका वाक्यात उरकलं.

आता, त्या पुस्तकाच्या शेवटी एक छोटी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आहे. जपानी पद्धतीची, म्हणजे मागच्या बाजूने सुरू करून उजवीकडून डावीकडे वाचायची. पार्सल करण्याआधी ताईने ती वाचली होती. आपल्या पद्धतीने, सरळ, डावीकडून. फोन करून म्हणाली, "काय रे तुझा हा लिंक! आधी मरतो, मग लढतो, आणि एवढं करून शेवटी त्यालाच तुरुंगात टाकतात."

चूक सांगायला मी तोंड उघडलं. मग म्हटलं, तीन फाटे आहेतच. हा ताईचा चौथा.