संत्र्याचं झाड ऑनलाइन विकत घेताना

आमच्या वरुड तालुक्यात हल्ली पाया खणायच्या आधी घराचा फोटो लागतो. तो फोटो तयार करून देणं हा माझा धंदा. इंजिनिअर नकाशा पाठवतो, मी कॉम्प्युटरवर भिंती उभ्या करतो, आणि अंगणातली झाडं, गाडी, कुंड्या, सोफा हे सगळं तयार मॉडेल म्हणून इंटरनेटवरून विकत आणतो. गेल्या आठवड्यात एका काकाजींच्या बंगल्यासाठी असंच एक संत्र्याचं झाड आणलं. किंमत ३९ डॉलर. त्या झाडानं चार रात्रींत मला जे ज्ञान दिलं ते एकट्याला पचेना, म्हणून या धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरापोरींसाठी काही सूचना देतो. तंतोतंत पाळा.

सगळ्यात आधी, प्रिव्ह्यूवर, म्हणजे विकणाऱ्यांनी लावलेल्या नमुन्याच्या चित्रावर, डोळे झाकून विश्वास ठेवा. प्रिव्ह्यू म्हणजे बायोडाट्यावरचा मुलाचा फोटो. प्रकाश त्यांचा, कोन त्यांचा, शेवटी फोटोशॉपचा हात फिरवला तोही त्यांनीच. वायरफ्रेम, म्हणजे मॉडेलचा नुसता रेषांचा सांगाडा, दाखवा म्हणणं म्हणजे मुलाची पगाराची स्लिप मागणं. उगीच संबंध बिघडतात.

पैसे भरायच्या आधी कार्डाची चौकशी करू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२०पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतात, ते आपण चालू करून घ्यायचे असतात, हे रात्री साडेअकराला कळण्यात जी मजा आहे ती सकाळी कळण्यात नाही. ओटीपी यायच्या वेळी लाइन जाईल, लाइनसोबत टॉवरही जाईल. जाऊ द्या.

लायसन्स वाचू नका. ते वाचणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आता मुख्य गोष्ट, फॉरमॅट, म्हणजे फाइलीचा प्रकार. मॉडेलच्या खाली एक यादी असते. मॅक्स, एफबीएक्स, ओबीजे, थ्रीडीएस, स्केचअप, ब्लेंडर. सहा नावं दिसली की समजायचं, आपलं नशीब उघडलं. एक नाही तर दुसरी फाइल चालेल, सहातली एक तरी चालेलच. मीही असाच हिशोब केला होता.

आधी मॅक्सची फाइल घेतली. ती थ्रीडीएस मॅक्स या मी वापरतो त्याच सॉफ्टवेअरच्या २०२४च्या आवृत्तीत सेव्ह केलेली, माझ्याकडे २०१८ची. नव्यातली फाइल जुन्यात उघडत नाही. विकणाऱ्यानं सेव्ह करताना मागची आवृत्ती निवडायची तसदी घेतली असती तरी ती तीनच पायऱ्या मागे जाते, म्हणजे २०२१पर्यंत. मी होतो तिथेच राहिलो.

मग एफबीएक्स. उघडली! झाड उभं! फक्त काळंकुट्ट. ज्या व्ही-रे (अंतिम चित्र काढणारं सॉफ्टवेअर, म्हणजे रेंडरर) मटेरियलच्या जिवावर तो प्रिव्ह्यू चमकत होता, ते एफबीएक्समधून पलीकडे जात नाही. आकार येतो, रंगरूप मागेच राहतं. पानांची तर वेगळीच कथा. रेंडरमधलं पान म्हणजे मुळात एक चौकोनी तुकडा. त्यावर पानाचं चित्र, आणि पानाबाहेरचा भाग अदृश्य करायला सोबत एक काळंपांढरं चित्र. हे दुसरं चित्र वाटेत गळलं की नुसता चौकोन उरतो. माझ्या झाडाला आपादमस्तक व्हिजिटिंग कार्डं लागली होती. बहर चांगला होता.

ओबीजे घेतली तर झाड आडवं. त्या फाइलीत वरची दिशा ‘वाय’ धरलेली, माझ्याकडे वरची दिशा ‘झेड’. अंगणात ते असं लोळत होतं की काकाजींनी पाहिलं असतं तर पंचनाम्याला तलाठी बोलावला असता. नव्वद अंशांत फिरवलं, उठलं. ओबीजेसोबत एमटीएल नावाची एक छोटी फाइल लागते, कुठलं टेक्श्चर, म्हणजे आकारावर चिकटवायचं चित्र, कुठून घ्यायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. ती होती. तिच्यात पत्ताही होता. डी ड्राइव्ह, ‘वर्क’, मग ‘न्यू’, मग ‘न्यू फायनल’. कोणाचा डी ड्राइव्ह? त्याचा! म्हणजे मी आता पासपोर्ट काढून त्याच्या घरी जायचं, त्याच्या आईनं केलेला चहा प्यायचा आणि पेन ड्राइव्हवर पानं घेऊन परत यायचं.

थ्रीडीएस ही फाइल तर डॉसच्या काळातली, १९९०मध्ये आलेल्या थ्रीडी स्टुडिओच्या घराण्यातली. एका मेशमध्ये, म्हणजे बिंदू-त्रिकोणांच्या जाळ्यात, ६५,५३६ बिंदूंच्या वर मावत नाहीत आणि टेक्श्चरच्या नावाला जेमतेम आठ अक्षरं मिळतात. विकणाऱ्यानं टेक्श्चरची नावं ठेवलेली ‘ऑरेंज लीफ फ्रंट’ आणि ‘ऑरेंज लीफ बॅक’. आठ अक्षरांवर कापा, दोघांचं नाव एकच! इतक्या जुन्या भांड्यात २४ लाख त्रिकोणांचं झाड ओतलं, मावलं तेवढं मावलं, बाकी सांडलं. ओतणाऱ्यानं एकदा तरी भांड्यात डोकावून पाहिलं असेल? कशाला पाहील! एक्स्पोर्ट, ओके. एक्स्पोर्ट, ओके. आमच्याकडे जिनिंगवर कापसाची गाडी आली की ग्रेडर निदान हात घालून ओल तरी बघतो. कवडीदराने कापूस घेईल, पण हात घालेल. या माणसानं स्वतःच्या मालात हात घातला नाही, आणि पैसे मात्र सहा फॉरमॅटचे घेतले.

स्केचअपची फाइल उघडताना कॉम्प्युटर बंद पडला. ब्लेंडरची झिपमध्ये नव्हतीच.

मापाची चिंता तर अजिबात करू नका. मागे एकांच्या ओसरीसाठी बंगई, म्हणजे झोपाळा, विकत घेतली होती. ओबीजेमध्ये नुसते आकडे असतात, एकक नसतं. करणाऱ्यानं १६८ लिहिलं ते सेंटिमीटर समजून, माझ्या सॉफ्टवेअरनं वाचलं मीटर. साडेपाच फुटांची बंगई साडेपाचशे फुटांची झाली. तिच्यावर अख्खी ग्रामसभा बसली असती, कोरमसकट.

टेक्श्चर घ्यायचं तर ८के घ्या, त्याखाली हात लावू नका. ८१९२ गुणिले ८१९२ पिक्सेल, प्रत्येकाचे चार बाइट, म्हणजे ग्राफिक्स कार्डात उलगडल्यावर एकेका चित्राला २५६ एमबी. माझ्या झाडासोबत अशी ११ होती. पावणेतीन जीबी. माझं कार्ड चार जीबीचं. फोटोत झाडाची उंची दीड इंच, पण सालीवरचं छिद्र न् छिद्र मोजून घ्या! शिवाय काकाजींना घरामागे बाग दाखवायची होती. सहा बाय सहा मीटरवर लावली तर एकरी ११० झाडं धरा. गुणिले २४ लाख. एकरी २६ कोटी त्रिकोण. असा उतारा कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरही कोणी काढला नसेल. शेवटी एका झाडाची प्रॉक्सी (मूळ झाडाच्या जागी ठेवायची हलकी फाइल) करून तिच्याच नकला पेरल्या, तेव्हा कॉम्प्युटरचा पंखा जरा शांत झाला.

चौथ्या रात्री सगळी मटेरियल हातानं लावली, पानं एकेक करून जुळवली, सकाळी काकाजींना बोलावलं. ते स्क्रीनसमोर वाकले. बंगल्याकडे पाहिलंच नाही.

“हे कायचं झाड होय, बाबू?”

“संत्रा, काकाजी.”

“हे तं मोसंबी होय. पान पाय ना केवढं हाय.” मग चष्मा सारखा केला. “अन् बुंध्याले बोर्डो कुठी हाय? फूल बी लागलं, पिवळं फळ बी लागलं. आंबिया होय का मृग?”

बोर्डो म्हणजे बुंध्याला लावतात तो मोरचूद-चुन्याचा लेप, आंबिया आणि मृग हे संत्र्याचे बहर. काय सांगणार? विकणाऱ्यानं ‘ऑरेंज’ लिहिलं ते खोटं नव्हतं. त्यांच्याकडे ऑरेंज म्हणजे घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीच्या गोत्रातलं फळ. आपलं नागपुरी संत्रं त्यांच्याकडे मँडरिन. वरुड-मोर्शीला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात खरं, पण म्हणून झाडही कॅलिफोर्नियातलं आणायची गरज नव्हती.

पैसे परत मागायचे तर जरूर मागा, उत्तर लगेच येतं. फाइल डाउनलोड झाली आहे, सबब परतावा नाही. डाउनलोड केल्याशिवाय ती उघडत नाही हे कळणार कसं, असला चावट प्रश्न विचारू नका. विकणाऱ्याचं उत्तर त्याहून छोटं. “माझ्याकडे उघडते.” उघडेलच ना राजा, डी ड्राइव्ह तुझा आहे!

अरे, एक्स्पोर्टचं बटण दाबलं म्हणजे रूपांतर झालं का? रिकाम्या फोल्डरमध्ये, जमलं तर दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, ती फाइल एकदा उघडायची असते. उंची किती, कुठल्या एककात, ते लिहायचं असतं. टेक्श्चर फाइलच्या शेजारी ठेवायची असतात. आवृत्ती कोणती, रेंडरर कोणता, हे पैसे घ्यायच्या आधी सांगायचं असतं. अर्धा तास लागतो याला. झाड एकदा बनवता आणि शंभरदा विकता, तो अर्धा तास काढायला काय होतं? उघडून पाहिले नसतील ते फॉरमॅट यादीतून काढून टाका. एकच ठेवा. मी तेवढेच ३९ डॉलर देईन.

आणि आपण काय कमी आहोत? खिडकीतून बाहेर पाहिलं तर नजर जाईल तिथवर संत्र्याची झाडं. पान तोडून पांढऱ्या कागदावर ठेवायचं, सावलीत मोबाइलनं फोटो काढायचा, बोर्डो लावलेल्या बुंध्याचे दोन फोटो घ्यायचे, की अर्धं झाड घरचं झालं. काकाजी म्हणालेही होते, बागेत ये, फुकट काढ. मी गेलो नाही. ऊन होतं. तुम्हीही जाणार नाही. तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोणाकडे झाड आहे का’ म्हणून विचाराल, कोणाचं तरी पैशानं घेतलेलं फुकट ढापाल, नाव बदलून पुढे विकाल. आणि चुकून विकत घेतलंच तर झिप सोडायच्या आधी तिथे पाच तारे लावून मोकळे व्हाल. फाइल उघडा अन् मग तारे द्या, लेकहो. मी ते झाड बेचाळीस जणांचे पाच तारे पाहूनच घेतलं होतं.