काय उजेड पाडला!

‘काय उजेड पाडलास?’ असं मराठीत कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं नसतं, मान खाली घालायची असते. उजेड लक्स या एककात मोजणारा लक्समीटर घरात आला की या प्रश्नाला आकड्यात उत्तर द्यायची सोय होते आणि खरी कटकट तिथून सुरू होते. ‘तीनशे वीस’ म्हटल्यावर समोरचा गप्प बसेल असं वाटतं. तो बसत नाही. ‘बघू, माझ्याकडे दे’ म्हणून यंत्र घेतो, ट्यूबच्या बरोबर खाली जाऊन हात उंच करतो, सेन्सर ट्यूबवर रोखतो आणि ‘हे बघ, सातशे!’ म्हणत विजयी मुद्रेने परत येतो. दोन्ही आकडे खरे असतात. हा मीटर जिथे ठेवाल तिथलं आणि जिकडे तोंड कराल तिकडचंच सांगतो. घरोघरी असे नातेवाईक असतात, पण त्यांना बॅटरी लागत नाही.

यंत्र साधंच. हातात मावणारा डबा, त्याला पीळदार वायरने जोडलेला सेन्सर आणि सेन्सरवर पेढ्याएवढा पांढरा घुमट. घुमटाखाली फिल्टर, त्याखाली उजेडाची वीज करणारा सिलिकॉनचा फोटोडायोड. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पोपटी हिरवा प्रकाश सर्वांत तेज दिसतो. सिलिकॉनला मात्र लाल आणि त्यापलीकडचं, डोळ्याला न दिसणारं इन्फ्रारेड अधिक प्रिय. फिल्टर त्याला माणसात आणतो. घुमटाचं काम तिरक्या उजेडाचा हिशेब नीट ठेवण्याचं. उजेड ६० अंशांनी कलून आला की पृष्ठभागावर तो निम्माच पडतो, आणि मीटरनेही निम्माच दाखवायला हवा. म्हणून सेन्सर दिव्याकडे रोखायचा नसतो. ज्या पृष्ठभागावरचा उजेड हवा, त्याला समांतर ठेवायचा. टेबलावरचा हवा असेल तर टेबलावर आडवा, नोटीस बोर्डावरचा हवा असेल तर बोर्डाला टेकवून उभा. एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतात. अर्थात ती मिटावीत अशी सगळ्यांची इच्छा असते असं नाही.

दुसरा घोळ आपण स्वतः. सेन्सरवर ओणवं होऊन आकडा वाचला की आपण स्वतःच्या डोक्याच्या सावलीचं मोजमाप करत असतो. पांढराशुभ्र सदरा घालून जवळ उभं राहिलं तर उलट आकडा फुगतो, कारण सदराही उजेड परतवतो. वायर दिलीय ती याचसाठी. सेन्सर ठेवायचा, वायर पुरेल तितकं मागे सरायचं, आकडा स्थिरावला की तो गोठवणारं ‘होल्ड’ बटण दाबायचं. फक्त त्या वायरला टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरसारखे पीळ असतात. ती ताणली की सेन्सर टेबलावरून घसरत आपल्यामागे यायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे दोन बोटांएवढी चिकटपट्टी.

बटणांबद्दल थोडं कडक बोलायला हवं. एका कोपऱ्यात लक्स आणि फूट-कँडल बदलायचं बटण असतं आणि ते नेमकं अंगठ्याखाली येतं. १ फूट-कँडल म्हणजे १०.७६ लक्स. ते चुकून दाबलं गेलं की ५०० लक्सच्या टेबलावर ४६ दिसतात आणि ऑफिसात धावपळ उडते. दुसरा सापळा रेंजचा, म्हणजे मीटर किती लक्सपर्यंत मोजेल त्या मर्यादेचा. जुन्या धाटणीच्या मीटरवर २००० ची रेंज लावून गॅलरीत उन्हात गेलात तर पडद्याच्या डाव्या टोकाला नुसता १ उभा राहतो. त्याचा अर्थ ‘मला झेपत नाही, रेंज वाढव’ असा आहे. भर दुपारच्या उघड्यावरच्या उन्हात लाखाच्या घरात लक्स असतात आणि वहीत मात्र ‘गॅलरी : १ लक्स’ अशी नोंद होते. वरच्या रेंजवर बारीक अक्षरात ‘×१०’, म्हणजे ‘आकडा दहाने गुणा’, असं लिहिलेलं असतं, ते वाचायला चष्मा आणि बऱ्यापैकी लक्स लागतात.

आता स्वयंपाकघर. ठाण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये दिवा छताच्या मधोमध, ओटा भिंतीला लागून आणि चिरणारं माणूस या दोघांच्या मध्ये. ओट्यावर सेन्सर ठेवून मागे सरलं की २०० लक्स येतात आणि सगळं आबादीआबाद वाटतं. आपण बाजूला व्हायचा नियम इथे मोडायचा. कांदा माणूस समोर उभं असतानाच चिरला जातो, म्हणून ज्याने चिरायचंय त्याला ओट्याशी उभं करून मोजायचं. आकडा साठ-सत्तरवर येतो. ‘आई, बघा, तुम्ही अंधारात चिरताय.’ ‘तीस वर्षं चिरतेय, बोट कापलं का कधी?’ या युक्तिवादाला कोणत्याही रेंजवर उत्तर नाही. उपाय मात्र स्वस्त आहे. वरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी लावायची, आणि ती भिंतीकडच्या नव्हे, आपल्याकडच्या कडेला. भिंतीकडे लावली की टाइल्स लखलखतात आणि कांदा अंधारातच राहतो.

बल्ब घेताना वॅट बघायची सवय अजून गेलेली नाही. बल्बमधून एकूण किती उजेड निघतो ते ल्युमेन सांगतात; ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. सगळे ल्युमेन जमिनीवर पोहोचले तरी चौरस मीटरला ८० ल्युमेन, म्हणजेच ८० लक्स. भिंती, छत आणि कपाटं आपला वाटा घेतात, हाती निम्मे लागतात. बराच वेळ वाचायला ३०० च्या आसपास हवेत, म्हणून टेबललॅम्पला पर्याय नाही. तोही जवळ हवा. ४० सेंटिमीटरवरचा दिवा ८० वर नेला की उजेड निम्मा होत नाही, जवळजवळ पाव होतो. त्यात साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. तेव्हा आजोबांनी ‘ट्यूब मंद झालीय’ म्हटलं आणि नातवाने मीटर नाचवत ‘ठीक आहे की’ म्हटलं, तर आजोबांना चूक ठरवायची घाई करू नये.

गॅलरीतल्या तुळशीचं प्रकरण वेगळंच. दक्षिणेकडची गॅलरी ‘भरपूर उजेडाची’ म्हणून घेतलेली असते आणि जूनमध्ये तुळस रुसते. दोष पावसाला दिला जातो. ठाणं १९ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. दक्षिणेच्या भिंतीवर त्या काळात थेट ऊन पडतच नाही, ढग असोत वा नसोत. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी ४७ अंशांवर असतो आणि थेट सोफ्यावर येऊन बसतो. डोळ्याला यातलं काही कळत नाही. बाहुली आकुंचन-प्रसरण पावून आणि डोळ्याचा पडदा जुळवून घेऊन सगळं सांभाळतात, त्यामुळे खिडकीशी दोन हजार आणि आत तीन मीटरवर दीडशे असले तरी आपल्याला हॉल सारखाच ‘लख्ख’ दिसतो. तुळशीला बाहुली नाही.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत मीटर गेला की इमारतीखालच्या खांबांमधल्या स्टिल्ट पार्किंगचा विषय निघतोच. कमिटीचा माणूस दिव्याखाली मोजतो, तक्रारदार खांबामागे. दिव्याखाली अंधार ही म्हण पणतीच्या काळातली. छतावरच्या दिव्याच्या खालीच तर सगळा उजेड सांडतो आणि अंधार दोन दिव्यांच्या मध्ये दबा धरून बसतो. म्हणून सेन्सर जमिनीवर ठेवून ठरावीक अंतरावर मोजायचं आणि सरासरीबरोबर सर्वांत कमी आकडाही लिहायचा. पाय अडखळतो तो त्या कमी आकड्याच्या जागी. जिन्यात आणखी एक गंमत. तिथे माणूस हलला की लागणारे दिवे असतात आणि मोजणारा आकडा स्थिर व्हायची वाट बघत निश्चल उभा असतो. दिवा त्याला फर्निचर समजून विझतो. सोबतीला कोणीतरी हात हलवणारा न्यावा. कमिटी मेंबर चालेल.

नवी मुंबईत महापे-रबाळेकडच्या ऑफिसात मीटर ऑडिटच्या आदल्या दिवशी कपाटातून निघतो. आयएस ३६४६ या भारतीय मानकात सामान्य ऑफिसला ३०० ते ७५० ची पट्टी दिलीय, मधला आकडा ५००. कारखान्यांना २०२५ पर्यंत १९४८ च्या कारखाने कायद्याचं उजेडाबद्दलचं कलम १७ होतं. आणि उत्साही सुपरवायझर एकाच टेबलावर, एकाच दिव्याखाली मोजून संपूर्ण मजल्याचा निकाल लावतो. किती जागी मोजायचं ते ठरवायची पद्धत अशी. लांबी गुणिले रुंदी करा आणि त्याला दोन्हींच्या बेरजेने व टेबलापासून दिव्यांच्या उंचीने भागा. १२ बाय ८ मीटरचा हॉल, दिवे टेबलापासून २ मीटर वर, तर उत्तर २.४. एकच्या आत उत्तर आलं तर ४ जागा, दोनपर्यंत ९, तीनपर्यंत १६, त्यापुढे २५. म्हणजे इथे किमान १६. पडदे ओढून किंवा अंधार पडल्यावर मोजा, नाहीतर श्रावणातलं आभाळ एका मिनिटात अख्ख्या ओळीची वाट लावतं. ट्यूबला पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, शेडमधल्या मोठ्या मेटल हॅलाइड दिव्याला अर्धा तास. मधेच लाइट गेली तर तो दिवा थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, तेवढ्यात चहा होतो. आणि पंखे बंद करा. पात्यांच्या वर दिवा असला की सावल्यांनी आकडा थुईथुई नाचतो.

मग ३०० हवेत तिथे सरासरी २९८ येते आणि खल सुरू होतो. ‘सर, दोनच कमी आहेत, राउंड करू?’ साध्या मीटरची अचूकताच चार-पाच टक्के इकडेतिकडे असते. त्यात तो जुन्या पिवळ्या तंतूच्या दिव्यावर, २८५६ केल्व्हिन रंगतापमानाच्या पिवळसर उजेडावर, कॅलिब्रेट केलेला, म्हणजे जुळवलेला. पांढऱ्या एलईडीखाली काही टक्के आणखी सरकतो. दोन लक्ससाठी भांडण्यापेक्षा शिडी लावून दिव्याचं कव्हर पुसा. ठाणे-बेलापूर रोडची धूळ किती लक्स खात होती ते लगेच दिसेल. मोबाइलमधलं ॲप हे अंदाजासाठी ठीक, रजिस्टरसाठी नाही. त्याला ना घुमट, ना तेवढा काटेकोर फिल्टर.

काम झालं की नऊ व्होल्टची बॅटरी काढून ठेवावी. इथल्या पावसाळ्यात ती मीटरच्या पोटातच पाझरते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. आणि पुढच्या वेळी मोजण्याआधी सेन्सरला काळं टोपण घालून पडद्यावर शून्य येतंय ना ते बघावं. या एका आकड्यावर घरात, सोसायटीत, ऑफिसात कुठेही वाद होत नाही. टोपण बहुधा कॅरमच्या सोंगट्यांच्या डब्यात सापडतं.