भारतीय फुटबॉल २०२५ मध्ये मेला म्हणे. कुठला, ते तरी सांगा

मेसी वानखेडेवर येऊन गेला त्या आठवड्यात आमच्या कोल्हापुरातल्या पेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज तिघांनी टाकला. तिसऱ्यानं वरचे दोन वाचलेही नव्हते, हे उघड होतं. मेसेज असा:

‘मेसीला बघायला हजारो रुपये मोजणाऱ्यांनो, २०२५ मध्ये भारत फुटबॉलची एकही मॅच जिंकला नाही. दीड लाख वस्तीचं क्युरासाव वर्ल्ड कपला चाललं आणि १४० कोटींत आपल्याला ११ पोरं मिळत नाहीत. परदेशी कोचवर पैसे उधळले. परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू सरकार मुद्दाम खेळवत नाही. क्रिकेटनं बाकी खेळ खाल्ले. १९५० ला बूट नव्हते म्हणून वर्ल्ड कप सोडला, तेव्हापासून काही बदललं नाही. भारतीय फुटबॉल मेला.’

खाली अंगठे, रडके चेहरे, आणि एका काकांचं ‘अगदी बरोबर’. हे काका शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल टीमची मॅच असली की दुपारी दोनलाच जागा धरून बसतात. त्यांनी तरी ‘अगदी बरोबर’ म्हणायला नको होतं. ग्रुपवर एवढं टाइप करत बसण्यापेक्षा इथं सविस्तर लिहितो.

आधी ‘एकही मॅच जिंकला नाही’चं बघू. २०२४ बद्दल हे म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो. त्या वर्षी पुरुषांची सीनिअर टीम ११ मॅच खेळली आणि खरोखर एकही जिंकली नाही. ते वाक्य कुणीतरी उचललं आणि साल बदललं. २०२५ चा हिशेब वेगळा आहे: मार्चमध्ये शिलाँगला मालदीवला ३-० नं हरवलं. ऑगस्टमध्ये काफा नेशन्स कप या स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी, हिसारमध्ये, २-१ नं हरवलं. त्याच स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकाच्या मॅचमध्ये ओमानशी १-१ बरोबरी करून पेनल्टीवर बाजी मारली. ओमान तेव्हा क्रमवारीत ७९ वा होता, आपण १३३ वे.

पण म्हणून वर्ष चांगलं गेलं असं मी म्हणणार नाही. ज्या मॅचना खरी किंमत होती त्या एशियन कपच्या पात्रता फेरीतल्या. त्यात २०२५ मध्ये आपण पाच मॅच खेळलो. बांगलादेशशी शिलाँगला ०-०, हाँगकाँगला त्यांच्या मैदानात ०-१ आणि तोही भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर, सिंगापूरला १-१, मडगावला सिंगापूरकडून १-२, ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. पाच मॅच, दोन गोल, दोन पॉइंट. एशियन कप गेला. बांगलादेशकडून हरायला २२ वर्षं लागली होती, तेही उरकून घेतलं. वर्षअखेरीस क्रमांक १४२. २०२३ च्या जुलैमध्ये हीच टीम ९९ वर होती. पुरुषांच्या टीमला शिव्या घालायच्या तर घाला, मी पण घालतो. मडगावची ती मॅच आम्ही कट्ट्यावर मोबाइलवर बघितली. १४ व्या मिनिटाला छांगतेनं बॉक्सबाहेरून असा फटका ठेवून दिला की चहावाल्यानं किटली खाली ठेवली. ४४ व्या मिनिटाला सिंगापूरच्या सोंग उई-यंगनं बरोबरी केली, हाफ टाइमला एकच मिनिट असताना. ५८ व्या मिनिटाला त्याच सोंगनं दुसरा मारला. मग उरलेला अर्धा तास आम्ही नुसतं ‘मार की, मार की’ करत होतो.

आणि दुखणं नेमकं त्या ‘मार की’मध्ये आहे. या वर्षभरात पुरुषांच्या टीमनं ११ मॅचमध्ये ८ गोल केले. ते कुणी केले ते बघा. मालदीवविरुद्धचा पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर डोक्यानं, भेके डिफेंडर. ताजिकिस्तानविरुद्धचे दोन्ही अन्वर अली आणि संदेश झिंगनचे, दोघेही डिफेंडर. लिस्टन कोलासो, उदांता आणि छांगते हे तिघे विंगर, प्रत्येकी एक. स्ट्रायकर म्हणावेत असे दोनच गोल: रहीम अलीचा सिंगापूरविरुद्ध शेवटच्या मिनिटातला, आणि एक सुनील छेत्रीचा. छेत्री जून २०२४ मध्ये सन्मानानं निवृत्त झाला होता. त्याला वयाच्या चाळिशीत परत बोलवावं लागलं, कारण २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) भारतीयांत सर्वांत जास्त गोल पुन्हा त्याचेच होते, १४. आपले क्लब ९ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागेवर परदेशी खेळाडू घेतात. भारतीय पोरगा विंगवर धावतो नाहीतर बेंचवर बसतो. मग देशासाठी खेळताना त्याच्याकडून गोलची अपेक्षा कशी करायची? मेसेज लिहिणाऱ्यानं हा एक मुद्दा लिहिला असता तर मी स्वतः फॉरवर्ड केला असता.

आता क्युरासाव, कॅरिबियनमधलं डच बेट. १८ नोव्हेंबरला ते वर्ल्ड कपला पात्र ठरले आणि त्याच तारखेला आपण ढाक्यात हरलो, त्यामुळे तुलना झोंबते हे मान्य. पण उदाहरण देण्याआधी त्यांची टीम तरी बघायची. जवळजवळ सगळी पोरं नेदरलँड्समध्ये जन्मलेली, तिथल्या अकादम्यांत तयार झालेली, पात्र ठरले तेव्हाचे कोचही डच, डिक ॲडव्होकाट. त्यांच्या टीममागं दीड लाखाचं बेट आहे तसा हॉलंडचा अख्खा फुटबॉल आहे. आणि १४० कोटी हा आकडा मैदानावर कुठं उतरतो? मोजायचं असेल तर १३ वर्षांची किती पोरं वर्षाला ३० नीट मॅच खेळतात ते मोजा. कोल्हापुरात फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं पेठोपेठी आहेत. इथला अनिकेत जाधव २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. तरी आपल्या तालमींच्या खेळाची मजा एका हंगामापुरती, एका स्टेडियमपुरती.

कोचचा मुद्दा आकड्यांनीच निकालात निघतो. स्पेनचे मानोलो मार्केझ आठ मॅचना कोच होते: एक विजय, चार बरोबऱ्या, तीन पराभव. (त्यातला मोठा काळ ते एफसी गोवा हा क्लबही सांभाळत होते, हा एक वेगळाच कारभार.) ते गेल्यावर १ ऑगस्टला खालिद जमील आले. मुंबईत खेळलेला माणूस, आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून देणारा, आणि गोव्याच्या सावियो मदेरांनंतर बऱ्याच वर्षांनी पूर्णवेळ भारतीय कोच. सगळे खूश. वर्षअखेरपर्यंत सात मॅच: एक विजय, तीन बरोबऱ्या, तीन पराभव. त्यातली एक बरोबरी पेनल्टीवर जिंकली, एवढाच फरक. पासपोर्ट बदलला, तक्ता तोच राहिला. दुसरीकडं पोरींच्या अंडर-२० आणि अंडर-१७ टीम स्वीडनच्या योआकिम अलेक्झांडरसनच्या हाताखाली एशियन कपला पात्र ठरल्या, सीनिअर महिला क्रिस्पिन छेत्रीच्या, आणि अंडर-१७ मुलगे गोव्याच्या बिबियानो फर्नांडिसच्या. देशी-परदेशीचा यात काही नियम सापडतो का? मला सापडला नाही.

थांबा, ‘पोरींच्या टीम’ म्हणालो. मेसेजमध्ये त्या कुठं आहेत? कुठंच नाहीत. ‘भारत’ म्हणजे पुरुषांची सीनिअर टीम असं गृहीत धरूनच तो लिहिलाय, आणि माझा खरा राग तिथं आहे.

५ जुलै २०२५, चियांग माई. पात्रता गटातली शेवटची मॅच, समोर यजमान थायलंड. त्या क्रमवारीत ४६, आपल्या मुली ७०. त्याआधी आपण मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-० असं धुतलं होतं, पण थायलंडनंही वाटेत एकही मॅच सोडली नव्हती. जो जिंकेल तो ऑस्ट्रेलियातल्या एशियन कपला जाणार. पहिल्या हाफमध्ये संगीता बासफोरनं लांबून गोल केला. दुसरा हाफ सुरू झाला न झाला तोच थायलंडनं फेडला. इथं आपल्या टीम नेहमी कोसळतात. ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीता. २-१. चार मॅचमध्ये २४ गोल केले, खाल्ला एक. पात्रता फेरीतून महिलांच्या एशियन कपला जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ.

याचं मोल कळायला २०२२ आठवावं लागतं, आणि ते आपल्या राज्यातलंच आहे. तेव्हाचा एशियन कप मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता. डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०-० झालं, मग कॅम्पात कोरोना घुसला. चायनीज तैपेईविरुद्ध उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि टीम स्पर्धेतून बाद. न हरता बाद. नंतर याच स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या पोरींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला आणि रात्रभर फटाके वाजले. वाजायलाच हवे होते. चियांग माईला मात्र आमच्या चौकात एक लवंगी पण फुटली नाही.

चियांग माईनंतर पाच आठवड्यांनी, १० ऑगस्टला, अंडर-२० मुलींनी यांगूनमध्ये म्यानमारला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर १-० नं हरवलं आणि २० वर्षांनी त्या वयोगटाच्या एशियन कपला पोचल्या. १७ ऑक्टोबरला बिश्केकमध्ये अंडर-१७ मुली उझबेकिस्तानविरुद्ध एका गोलनं मागं होत्या. थंडामोनी बास्के आणि अनुष्का कुमारीनं ५५ आणि ६६ व्या मिनिटाला गोल करून त्यांनीही तिकीट काढलं. ३० नोव्हेंबरला अहमदाबादेत अंडर-१७ मुलग्यांनी इराणला २-१ नं हरवलं. इराणला. तेही १९ व्या मिनिटाला गोल खाऊन. म्हणजे सीनिअर पुरुष ढाक्यात हरल्यावर बाराव्या दिवशी.

सगळं गोडगोड दाखवायचं नाही मला. ऑक्टोबरात शिलाँगला सीनिअर महिला इराण आणि नेपाळ दोघांकडून हरल्या. ऑस्ट्रेलियातल्या गटात जपान होता, तिथं काय होणार याचा अंदाज कुणालाही बांधता येत होता. पण एका वर्षात चार टीम एशियन कपला पात्र ठरल्या; सीनिअर आणि अंडर-२३ पुरुष ठरले नाहीत. न ठरलेल्यांवरून अख्ख्या देशाच्या फुटबॉलचं तेरावं घालणं हे जरा जास्तच झालं.

परदेशातल्या भारतीयांबद्दलचा मुद्दा अर्धा खरा. बांगलादेशकडून हमझा चौधरी खेळतो, इंग्लंडमध्ये जन्मलेला. मडगावला आपल्याला रडवणारा सोंग मूळचा कोरियाचा. आपल्याकडं नियम असा की भारतीय पासपोर्ट हवा, आणि आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशस्थ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. पण ‘मुद्दाम खेळवत नाही’ हे खोटं. पुणे एफसीकडून खेळलेला अराता इझुमी आठवतो का? जपानमध्ये जन्मलेला, वडील गुजराती. जपानी पासपोर्ट सोडला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. २०२५ च्या नोव्हेंबरात रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. ढाक्याला तो टीमबरोबर होता, पण ऑस्ट्रेलियाच्या फेडरेशनचा ना-हरकत कागद वेळेत आला नाही, म्हणून उतरला नाही. दार उघडं आहे. आत येताना जुना पासपोर्ट बाहेर ठेवावा लागतो, आणि युरोपात करिअर असलेला पंचविशीतला पोरगा तो का ठेवेल, हा प्रश्न आहे.

क्रिकेटवर फार वेळ घालवत नाही. बांगलादेश क्रिकेट खेळत नाही काय? ऑस्ट्रेलिया खेळत नाही? २०२५ मध्ये फुटबॉलला क्रिकेटनं नाही, आपल्याच कागदांनी मारलं. भारताचं फुटबॉल फेडरेशन आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार, हे पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं. तरी नवा करार ठरला नाही. ११ जुलैला लीग स्थगित झाली. नोव्हेंबरात टेंडरची मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. मडगावला सिंगापूरसमोर उतरलेल्या आपल्या खेळाडूंना त्या हंगामात लीगची एक मॅच मिळालेली नव्हती. काहींना ड्युरँड कप किंवा आशियाई क्लब स्पर्धेतल्या मोजक्या मॅच, तेवढंच. सराव नसलेला पैलवान फडात उतरवला तर तो दुसऱ्या डावाला दमणारच, हे आमच्या काकांना मी सांगायला नको.

राहिलं १९५०. बाकीचे देश हटल्यामुळं आपल्याला जागा मिळाली होती आणि इटली, स्वीडन, पॅराग्वेच्या गटात नावही पडलं होतं. न जाण्याचा निर्णय फेडरेशनचा. तेव्हाचे कॅप्टन शैलेन मन्ना यांनीच नंतर सांगितलं की अनवाणी पायांची गोष्ट ही सबब होती. पुढच्याच वर्षी, १९५१ ला, दिल्लीत याच देशानं इराणला हरवून आशियाई सुवर्ण जिंकलं. ‘तेव्हापासून काही बदललं नाही’ म्हणणाऱ्याला १९५६ चं मेलबर्न (ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक) आणि १९६२ चं जकार्ता (पुन्हा आशियाई सुवर्ण) पण गिळावं लागेल.

हे सगळं ग्रुपवर न टाकता मी फक्त एक प्रश्न टाकला: ‘चियांग माईला दोन्ही गोल कुणी केले?’ दिवसभर निळ्या टिका. संध्याकाळी काकांचं उत्तर आलं: ‘पोरींची मॅच कधी हाय रे पुढची?’ मग तारखा टाकल्या. ४ मार्च २०२६, पर्थ, व्हिएतनामविरुद्ध. नंतर जपान, नंतर चायनीज तैपेई. एप्रिलात अंडर-२० मुली थायलंडला. मेमध्ये अंडर-१७ मुली चीनला आणि मुलगे सौदीला. काकांनी विचारलं, ‘कुठल्या चॅनेलवर?’ ते शोधायला लागलो.