उसाचा रस, कुकरची शिट्टी आणि फुकटचा उजेड

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज आता आमच्या दहावीतल्या भाच्याकडे पोचलाय आणि विज्ञान प्रदर्शनासाठी तो घरचा कुकर मागतोय. मेसेज असा: 'उसाचा रस कुकरमध्ये घाला, शिट्टी तारेनं बांधा, दोन तास आच द्या. कार्बन डॉट तयार! काचेवर सारवा, विजेशिवाय उजेड. 80 टक्के कार्यक्षम, नोबेल मिळालेलं तंत्र.' कार्बन डॉट म्हणजे प्रकाश पडला की चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण.

शिट्टी बांधू नका. हे सगळ्यात आधी, आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा. प्रयोगशाळेत हे डॉट बनवताना पाण्यातलं द्रावण साधारण 180 अंशांपर्यंत तापवतात आणि तिथं वाफेचा दाब हवेच्या दहापट होतो. घरचा कुकर 120 अंशांच्या आसपासच शिट्टी देतो, कारण त्याहून जास्त दाबासाठी तो बनवलेलाच नाही. 20 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर 180 अंशांना अडीच टनांहून जास्त जोर येतो. सेफ्टी व्हॉल्व्ह आहे म्हणाल, तर रस आटून त्याचा पाक होतो आणि चिकट पाकानं व्हॉल्व्हची वाट चोंदते. प्रयोगशाळेत यासाठी आत टेफ्लॉनचं भांडं असलेला जाड स्टीलचा ऑटोक्लेव्ह वापरतात. तो फार तर दोन तृतीयांश भरतात, ओव्हनमध्ये काही तास ठेवतात आणि आपोआप पूर्ण गार झाल्याशिवाय उघडत नाहीत.

विजेशिवाय उजेड, हे साफ खोटं. कार्बन डॉट अतिनील किंवा निळा प्रकाश शोषून निळा, हिरवा किंवा पिवळा प्रकाश परत देतात, तोही घेतल्यापेक्षा कमी. एलईडी बल्बात निळा प्रकाश देणारी गॅलियम नायट्राइडची चिप विजेवरच चालते. डॉट फार तर तिच्यावरच्या पिवळ्या फॉस्फरची, म्हणजे निळा प्रकाश घेऊन पिवळा देणाऱ्या लेपाची, जागा घेतील. शिवाय काचेवर नुसते सारवून वाळवले की कण एकमेकांना चिकटतात आणि चमक मरते. म्हणून ते पीव्हीए (एक पारदर्शक प्लास्टिक) किंवा सिलिकामध्ये (काचेसारखा पदार्थ) अगदी विरळ मिसळावे लागतात.

80 टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण उसाच्या रसाचा नाही. 2013 मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातल्या गटानं सायट्रिक अ‍ॅसिड आणि एथिलीनडायअमीन वापरून तो मिळवला. तो बल्बची कार्यक्षमता सांगत नाही. शोषलेल्या दर 100 फोटॉनांमागे (प्रकाशकणांमागे) सुमारे 80 परत आले, एवढाच त्याचा अर्थ. पुढं असंही दिसलं की त्या निळ्या चमकेचा बराच भाग सोबत तयार झालेल्या लहान रंगरेणूंचा असतो. म्हणूनच डायलिसिसच्या पिशवीत, म्हणजे लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याच्या पिशवीत, धुतल्याशिवाय कुठलाही दावा धरायचा नाही. आणि नुसती चमक हा डॉटचा पुरावा नाही: नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली पांढरा कागद आणि कपडे धुवायची पावडरही चमकते.

2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि येकिमोव्ह यांना अर्धवाहकांच्या क्वांटम डॉटसाठी, म्हणजे अर्धवाहकांच्या अतिसूक्ष्म स्फटिकांसाठी, मिळालं. कार्बन डॉट वेगळे. ते 2004 मध्ये नॅनोट्यूब शुद्ध करताना सापडले.

रसापासून, चिपाडापासून कार्बन डॉट होतात आणि त्यांत काही क्वांटम डॉटमध्ये असतं तसं कॅडमियम हे विषारी धातू नसतं, हे मात्र मान्य करावंच लागेल.

प्रदर्शनासाठी चिमूटभर हळद सॅनिटायझरमध्ये ढवळून गाळून घ्या. जवळ शेगडी किंवा निरांजन नको, सॅनिटायझर पेट घेतो. नोटांचा दिवा त्यावर धरला की हिरवट-पिवळी चमक दिसते. दिवा डोळ्यांकडे धरायचा नाही. तो बंद केला की चमकही त्याच क्षणी जाते.