पकडीचा आकडा आणि मुलींचे जिम्नॅस्टिक्स

ठाणे आणि नवी मुंबईत जिम्नॅस्टिक्स शिकणाऱ्या मुलींच्या पालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. महिला जिम्नॅस्टिक्समधले पदक हाताच्या पकडीवर ठरते, तेव्हा मुलीची पकड डायनामोमीटरवर (मुठीचा जोर मोजणाऱ्या उपकरणावर) मोजा, आकडा कमी आला तर तिला रोज हँड ग्रिपर (मुठीत दाबायचे स्प्रिंगचे साधन) दाबायला लावा आणि तरीही तो वाढला नाही तर खेळ बदला, असा त्याचा आशय आहे. हा सल्ला आठ-नऊ वर्षांच्या मुलींसाठी दिला जात असल्यामुळे त्यातील प्रत्येक विधान तपासायला हवे.

पदक पकडीवर ठरते, हे पहिले विधान. महिलांच्या आर्टिस्टिक प्रकारात व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून घ्यायची उडी), अनइव्हन बार्स (कमीजास्त उंचीचे दोन आडवे दांडे), बीम (अरुंद लांब पट्टी) आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) अशी चार साधने असतात आणि त्यांपैकी हाताने धरून लटकायचे ते केवळ बार्सवर. व्हॉल्टच्या टेबलाला हात क्षणभरच लागतात आणि तेही ढकलण्यासाठी. दीपा कर्माकर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १५.०६६ गुणांसह चौथी आली ती याच साधनावर, आणि तिच्या प्रोदुनोव्हा उडीची मदार धावेवर, उसळीवर आणि हवेतल्या दोन कोलांट्यांवर होती. सिमोन बाइल्सने २०१६ आणि २०२४ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये चारही साधनांच्या एकत्रित गुणांचे सुवर्ण जिंकले, पण दोन्ही वेळा बार्सवर तिला पदक मिळाले नाही. चेंडू, रिबन घेऊन संगीतावर करायच्या रिदमिक प्रकारात तर चेंडू बोटांनी आवळून धरणे हा दोषच मानला जातो.

बार्सवर लागणारी पकड डायनामोमीटर मोजतो, हे दुसरे विधान, आणि सगळा घोळ इथेच आहे. डायनामोमीटर दाबताना अंगठा एका बाजूला आणि चार बोटे दुसऱ्या बाजूला असतात, हात स्थिर असतो आणि काही सेकंद सगळा जोर लावायचा असतो. महिलांच्या बारचा दांडा सुमारे ४ सेंटीमीटर जाडीचा असतो. लहान हाताची मुलगी त्याला मूठ घालू शकत नाही, म्हणून ती बहुधा अंगठाही बोटांच्याच बाजूला ठेवते आणि बोटांचा हुक करून लटकते. वरच्या पातळीवर चामड्याचे ग्रिप वापरतात, त्यांत बोटांखाली एक बारीक दांडी असते आणि तीमुळे बोटांवरचा भार हलका होतो. जायंट स्विंगमध्ये, म्हणजे दांड्याभोवती घेतलेल्या पूर्ण गोल झोक्यात, शरीर खाली येते तेव्हा हातांवर वजनाच्या कित्येक पट ताण येतो, परंतु वर हँडस्टँडकडे (हातांवर उलटे उभे राहण्याकडे) जाताना तोच हात किंचित सैल सोडून मनगट दांड्यावर फिरवून आणावे लागते. मूठ आवळूनच ठेवली तर मनगट फिरत नाही आणि हँडस्टँड अपुरा राहून गुण जातात. केव्हा धरायचे आणि केव्हा सोडायचे, ही जाण कोणताही डायनामोमीटर दाखवत नाही.

तिसरे विधान असे, की वरच्या स्तरावरच्या मुलींची पकड जास्त भरते, म्हणजे पकडीमुळेच त्या वर गेल्या. चौदा वर्षांच्या मुलीची पकड नऊ वर्षांच्या मुलीपेक्षा वाढीमुळेच जास्त असते, आणि जी पाच वर्षे बार्सवर लटकली तिची पकड त्या सरावानेच वाढलेली असते. वय आणि वजन जमेस न धरता केलेल्या तुलनेतून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे कळूच शकत नाही.

ग्रिपरचा सल्ला मला सर्वांत चिंतेचा वाटतो. या मुलींच्या मनगटांवर हँडस्टँड आणि टम्बलिंगचा (सलग कोलांट्यांचा) भार आधीच असतो. वाढत्या वयात मनगटाजवळच्या हाडाच्या वाढीच्या कूर्चेला त्यामुळे इजा होऊ शकते, हे क्रीडावैद्यकात सर्वज्ञात आहे. घरी ग्रिपर दाबून थकलेले हात घेऊन मुलगी संध्याकाळी बारवर चढली, तर हात सुटण्याचा धोका उलट वाढतो.

पकडीला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. हात सुटून पडल्यास पूर्ण १ गुण जातो, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात घामेजलेल्या तळव्यांना मॅग्नेशियमची पूड वारंवार लावावी लागते. मात्र पुरेशी पकड आल्यानंतर फरक पडतो तो खांद्यांच्या लवचिकतेने, पोटाच्या ताकदीने आणि झोक्याच्या वेळेने. किप (लटकत्या स्थितीतून झोक्याने दांड्यावर हातांच्या आधाराने येणे) जमत नसलेल्या मुलीकडे नीट पाहिले, तर बहुतेक वेळा तिचे हात सुटलेले नसतात. पाय दांड्याकडे उशिरा आलेले असतात.

डायनामोमीटर वापरायचाच असेल, तर मनगट दुखावलेल्या मुलीचा आजचा आकडा तिच्याच दुखापतीपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहावा आणि तिला बार्सवर केव्हा परत पाठवायचे हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवताना त्याचा आधार घ्यावा.