‘जर्सीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: कुकीज, मॉर्मन आणि मी

नमस्कार जर्सीकर,

गेल्या महिन्यातल्या माझ्या मॉर्मन शेजाऱ्यांवरच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. (मॉर्मन म्हणजे अमेरिकेतल्या यूटा राज्यात एकवटलेला, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारा पंथ.) एकदा रात्री, आणि एकदा सकाळी, राग उतरला असेल असं वाटल्यावर. सकाळीही तितकंच झोंबलं. म्हणून तिथेच चार ओळी खरडण्याऐवजी इथे स्वतंत्र लिहिते आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की मुख्य प्रवाहात यायला अमेरिकेने मॉर्मनांकडून जे जे मागितलं ते त्यांनी एकेक करून दिलं. राजकारणात त्याची पावती मिळाली, पण ख्रिस्ती म्हणून त्यांना अजून कोणी पंक्तीला बसवून घेत नाही. आणि त्यांनाही त्या पंक्तीत पुरतं मिसळायचं नाहीच. यावर जर्सीकर म्हणतात: हे रडगाणं आहे. मिट रॉमनी हा मॉर्मन माणूस २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला, तिथे हा प्रश्न मिटला. यूटात हेच लोक बहुसंख्य आहेत आणि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवतात. १९७८ पर्यंत कृष्णवर्णीयांना पौरोहित्य नाकारणाऱ्यांना, २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्ध पैसा आणि माणसं पुरवणाऱ्यांना बिचारे कशाला म्हणायचं? शिवाय माझं एक साल चुकलं आहे. आणि मग शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: “शेजाऱ्यांच्या कुकीज खाऊन खाऊन बाईंना अल्पसंख्याकांचं दुःख दिसायला लागलं, छान आहे.”

आधी सालाचं. चूक माझी, मान्य. बहुपत्नीत्व सोडल्याचा जाहीरनामा आणि यूटाला राज्याचा दर्जा, दोन्ही मी १८९० च्या एकाच वाक्यात कोंबले होते. मॉर्मन चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांचा जाहीरनामा सप्टेंबर १८९० चा, राज्याचा दर्जा ४ जानेवारी १८९६ चा. मधली सव्वापाच वर्षं मी गिळली. तुम्ही दाखवलंत, आभार. चूक कबूल करायला मला कधीच कमीपणा वाटलेला नाही, हे जुन्या वाचकांना माहीत आहे.

आता कुकीज.

मी यूटातल्या लीहाय गावात २०१२ च्या फेब्रुवारीत आले. सातारची बाई, बर्फ फक्त फ्रीजमध्ये बघितलेला. नवरा पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या कामाने बाहेरगावी, मुलगी चार वर्षांची, आणि सकाळी दार उघडलं तर गाडी दिसेना. फावडं कुठे मिळतं हेही माहीत नव्हतं. तोवर समोरच्या घरातला माणूस आणि त्याचे दोन मुलगे येऊन आमचा रस्ता साफ करून निघूनही गेले होते. तो माणूस दातांचा डॉक्टर, आणि वॉर्डाचा बिशप. (वॉर्ड म्हणजे त्यांचं मोहल्ल्याचं चर्च. बिशपला पगार नसतो. पाच-सहा वर्षं पाळी येते तशी करायची.) दुपारी रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे त्यांच्या महिला मंडळाच्या, तिघीजणी आल्या. हो जर्सीकर, कुकीज घेऊन आल्या. मी डबा रिकामा परत दिला नाही, शंकरपाळे भरून दिले. आपल्याकडे तशी रीत आहे, न्यू जर्सीत विसरली गेली असेल तर माहीत नाही.

पण त्याच पंधरवड्यात पांढरे शर्ट आणि काळ्या नेमप्लेटा लावलेली दोन पोरंही दारात आली. दोघंही एकोणीस वर्षांची. मी सवयीने चहाचं आधण ठेवलं. चहा चालत नाही म्हणाले, कॉफीही नाही, १८३३ सालच्या ‘वर्ड ऑफ विस्डम’पासूनचा नियम. मग कोकम सरबत केलं, तर एकाने पेला उजेडात धरून अगदी नम्रपणे विचारलं, यात वाइन तर नाही ना? त्यानंतर वर्षभरात मला बाप्तिस्मा घ्यायचं आमंत्रण चार वेळा आलं. चारही वेळा मी हसून नाही म्हटलं. पाचव्यांदा आलं नाही, आणि कुकीज येणंही कमी झालं. ते मला समजलं नसेल असं तुम्हाला वाटतं का? मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा तिच्या वर्गातल्या पोरींचे एकामागून एक बाप्तिस्मे झाले. त्या वयात करतात. दर शनिवारी कुणाकडे तरी पांढरा फ्रॉक आणि मोठं जेवण, आणि ही घरी. तिला काय सांगायचं ते मी सांगितलं. ते इथे लिहिणार नाही.

आणखी एक. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न इथल्या एका टेंपलमध्ये होतं. ती स्वतः कॉलेजात असताना चर्चमध्ये आलेली, घरचे कॅथलिक. टेंपलमध्ये फक्त बिशपची शिफारस असलेले मेंबर जातात, वधूचे सख्खे आईबापसुद्धा मेंबर नसतील तर बाहेर. मीही बाहेरच. मार्चची थंडी, दगडी बाक, आणि शेजारी वधूचे वडील. करडा सूट, कोटाच्या खिशात गुलाबाचं फूल खोचलेलं, मांडीवर तिचा जाड कोट घडी करून ठेवलेला, बाहेर आल्यावर तिला थंडी वाजेल म्हणून. त्यांनी मला विचारलं, “आत किती वेळ लागतो?” म्हटलं, मला माहीत नाही हो, मीही गेलेले नाही कधी. त्यावर ते म्हणाले, “म्हणजे आपण दोघं एकाच बाजूचे.” आणि मग अर्धा तास त्यांनी घड्याळाशिवाय कशाकडे पाहिलं नाही. (हा नियम २०१९ मध्ये थोडा सैल झाला. आता आधी साधं सर्वांसमोर लग्न करून मग वर्षभर न थांबता टेंपलमध्ये जाता येतं. त्या गृहस्थांना त्याचा उपयोग नव्हता.)

तेव्हा बहुसंख्याकांचं दार बंद असणं म्हणजे काय, हे कृपा करून मला न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आपल्या माणसांनी गजबजलेल्या गल्लीतून शिकवू नका. मी त्या बाकावर बसले आहे.

आता तुमच्या प्रतिक्रियेतलं जे एक वाक्य खरोखर मुद्द्याचं आहे त्याकडे येते: “रॉमनी उमेदवार झाला, प्रश्न मिटला.” मिटला? २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही टेक्सासला माझ्या मामेभावाकडे गेलो होतो. अंगणात मका भाजणं चाललं होतं. शेजारचा निवृत्त गृहस्थ, बॅप्टिस्ट, अतिशय प्रेमळ, कुठे राहता म्हणून विचारतो. यूटा म्हटल्यावर त्याने आवाज खाली आणला आणि सांगितलं, सांभाळून, तो कल्ट (खोटा, पाखंडी पंथ) आहे. मी म्हटलं, अहो मी हिंदू आहे, माझ्या घरात गणपती आहे, माझ्याशी तुम्ही इतके छान बोलता. तर म्हणाला, “तुम्ही निदान वेगळ्या आहात हे सांगता. ते आमचं नाव लावतात.” आणि पुढच्याच वाक्यात, मत कोणाला देणार तर रॉमनीला!

जर्सीकर, तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेचं उत्तर त्या भाजलेल्या कणसांच्या धुरात आहे. मत मिळालं, नाव मिळालं नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये डॅलसचे पाद्री रॉबर्ट जेफ्रेस यांनी मॉर्मन पंथाला जाहीरपणे कल्ट म्हटलं होतं. प्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर कल्टच्या यादीत मॉर्मनांचं नाव होतं. ते कधी काढलं? ऑक्टोबर २०१२, मतदानाला तीन-चार आठवडे उरलेले असताना. मुहूर्त बघा. धर्मशास्त्र रातोरात बदललं असं म्हणायचंय का तुम्हाला? खुद्द रॉमनी यांनी डिसेंबर २००७ मध्ये टेक्सासलाच जाऊन आपल्या श्रद्धेवर मोठं भाषण केलं. त्यात ‘मॉर्मन’ हा शब्द किती वेळा आला? एकदा.

धर्माच्या बाजूने पाहा. व्हॅटिकनने २००१ मध्ये निकाल दिला की मॉर्मनांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही. कॅथलिक चर्च प्रोटेस्टंटांचा बाप्तिस्मा मानतं, पण यांचा नाही, कारण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही मॉर्मनांच्या लेखी तीन वेगळी व्यक्तिमत्त्वं आहेत. अर्थात मॉर्मनही कुणाचाच बाप्तिस्मा मानत नाहीत. कॅथलिक माणूस आला तरी त्याला पुन्हा पाण्यात घालतात, बाकावरच्या त्या गृहस्थांच्या मुलीला घातलं तसंच. आम्हाला ख्रिस्ती म्हणा, पण खरं चर्च आमचंच. ही दोन वाक्यं माझी समोरची शेजारीण एका दमात बोलते आणि तिला त्यात काहीच विसंगत वाटत नाही. मलाही हळूहळू वाटेनासं झालं आहे, हा कुकीजचा परिणाम असेल.

नावाचंच घ्या. २०१० पासून चर्चने लाखो डॉलरच्या जाहिराती केल्या, सर्फिंग करणारी बाई, मोटारसायकलवाला, सगळे शेवटी म्हणायचे, मी मॉर्मन आहे. आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये चर्चचे तेव्हाचे नवे अध्यक्ष रसेल नेल्सन म्हणाले की हे टोपणनाव वापरणं म्हणजे सैतानाचा मोठा विजय. पूर्ण नाव घ्या, त्यात येशू ख्रिस्त आहे. मॉर्मन टॅबरनॅकल क्वायर या जगप्रसिद्ध गायकवृंदाचंसुद्धा नाव बदललं. त्या ऑक्टोबरनंतर शेजारीण स्वतःला नुसतं ‘मेंबर’ म्हणते. कधी जीभ घसरली की तोंडावर हात ठेवून हसते.

आणि ‘काय द्यावं लागलं’ हे तुम्ही एका फटक्यात उडवून लावलंत म्हणून सांगते. मिसुरीच्या गव्हर्नरने १८३८ मध्ये मॉर्मनांना संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला असा लेखी हुकूम काढला. तो रद्द झाला १९७६ साली, माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी. संस्थापक जोसेफ स्मिथ १८४४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभा असतानाच इलिनॉयच्या तुरुंगात जमावाने मारला. रिपब्लिकन पक्षाच्या १८५६ च्या पहिल्या जाहीरनाम्यात बहुपत्नीत्व आणि गुलामगिरी यांना रानटीपणाचे जुळे अवशेष म्हटलं आहे. आज यूटा ज्याचा बालेकिल्ला आहे तोच हा पक्ष! १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने चर्चची मालमत्ता गेलीच, शिवाय यूटातल्या बायकांना १८७० पासून असलेला मतदानाचा हक्कही गेला. बायकांना बहुपत्नीत्वातून सोडवायचं म्हणून बायकांचंच मत काढून घ्यायचं. १८९१ मध्ये त्यांनी आपला स्वतःचा पीपल्स पार्टी हा पक्ष मोडला. इथे सांगतात की काही ठिकाणी बिशपने चर्चच्या मधल्या वाटेवर उभं राहून सांगितलं, या बाजूचे रिपब्लिकन, त्या बाजूचे डेमोक्रॅट. खरंखोटं तो बिशप जाणे, पण बायकापोरांसकट लोक अजून हसत सांगतात.

१९०४ पर्यंत चोरून बहुपत्नीत्वाची लग्नं चालूच होती, दुसरा जाहीरनामा काढावा लागला, हे तुम्ही फार मोठा शोध लावल्यासारखं लिहिलं आहे. माहीत आहे. त्याच काळात यूटाचे मॉर्मन सिनेटर रीड स्मूट यांना सभागृहात बसू द्यावं की नाही यावर सिनेटने १९०७ पर्यंत घोळ घातला हेही माहीत आहे. सगळंच एका लेखात मावत नाही.

१९७८ आणि २००८ बद्दल: ते घडलं, वाईट होतं, माझा लेख त्यावर नव्हता.  २०१६ मध्ये यूटाने ट्रम्पना जेमतेम ४५ टक्के मतं दिली आणि इव्हन मॅकमलिन या मॉर्मन अपक्षाला २१ टक्के, तर त्याआधी रॉमनीला ७३ टक्के. याचा अर्थ ‘जातीला मत’ असा लावणं मला घाईचं वाटतं. रॉमनीने फेब्रुवारी २०२० मध्ये सिनेटमधल्या महाभियोगात ट्रम्पविरुद्ध मत दिलं तेव्हा याच गावातल्या माझ्या ओळखीच्या मेंबरांनी त्याला शिव्या घातल्या, म्हणजे मेंबराला शोभतील तेवढ्या.

मला ‘बाई’ म्हणायला हरकत नाही, आमच्या साताऱ्यात शाळेतल्या शिक्षिकांना बाईच म्हणतात. पण तुमचा सूर त्या अर्थाचा नव्हता हे तुम्हालाही माहीत आहे. मी तेरा वर्षं इथे राहते, तुम्ही बहुधा एकदा ब्राइस कॅन्यनला जाताना सॉल्ट लेकला विमान बदललं असेल. हे उगाच लिहिलं, तसं नसेल तर सांगा, मागे घेईन.

मूळ लेखात १८९० आणि १८९६ वेगळे केले आहेत. खाली दुरुस्तीची नोंद टाकली आहे, तुमच्या टोपणनावासकट.